दोरा परत पाठव

शावत, ९ फेब्रुवारी

बीका,

सलाम लिहीत नाही. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून हे कुर्बानगुलच्या हाती देते आहे. ती दर आठवड्याला सपाता विकायला तुमच्या दाशोगुझच्या बाजारात जाते आणि सीमेवरचे शिपाई तिच्या पिशव्या आता उघडतही नाहीत. उत्तर लिहून दे. तोंडी निरोप देऊ नकोस, त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

एकच विचारायचं आहे. दवलतच्या निकाहात तू काय बांधलंस?

मला नाटक नको. मी खलफा आहे. अर्धं आयुष्य या जिल्ह्यातल्या लग्नांत गळ्यात अकॉर्डियन अडकवून बायकांत गाण्यात गेलं. मुल्ला निकाह पढायला बसला की गाणं थांबवून सगळ्यांना दटावणारी मीच. हाताची घडी घालू नका, गाठ मारू नका, कुलूप लावू नका, नवरा मुलगा बांधला जातो, नवरीच्या डोक्यामागे कात्री उघडझाप करत राहा. लोकांची पोरं अशी राखली आणि माझ्या पोराच्या निकाहात माझी सख्खी धाकटी बहीण सुईदोरा घेऊन बसली! सानोबरची बाही उसवली होती म्हणे. मग उसवू द्यायची होती. मुल्ला तिला तीनदा विचारत होता, कबूल आहे का, कबूल आहे का, आणि तू टाका घालून, गाठ मारून, दाताने दोरा तोडलास. मी पाहिलं. तेव्हा बोलले नाही, कारण पाच दिवसांच्या परवान्यावर आलेल्या बहिणीशी मांडवात भांडायचं नव्हतं.

आता ऐक काय झालं ते. पहिल्या रात्री सानोबरची पाठराखीण दाराबाहेर उजाडेपर्यंत ताटकळली आणि सकाळी चादर जशीच्या तशी. दुसऱ्या रात्री तेच. चौथ्या रात्री जमलं म्हणे, पण कसं? ऐन वेळी पोराच्या पाठीत अशी कळ गेली की तो ओरडला, आणि शेवट झाला तो कोरडा. एक थेंब नाही. सकाळी लघवीला रक्त. पुढे पुढे तो तिच्याजवळ जायलाच भ्यायला लागला, आणि भ्यायला लागल्यावर होत होतं तेवढंही होईना. सव्वीस वर्षांचा माझा पोर, बीका! मालट्रकचं चाक एकट्याने उतरवणारा! गल्लीतल्या बायका आता मला बघून पदराआड हसतात. मी जिच्या तिच्या मुलीची पहिली रात्र गाण्यात चिडवत आले, आता माझी पाळी.

सानोबर डिसेंबरात माहेरी गेली. आपण होऊन गेली. बरं, मीच पाठवली. तिच्या बापाने तर मलाच चार शब्द ऐकवले.

म्हाताऱ्या आमान मोमोने घेवड्याचे दाणे मांडून कौल पाहिला. रक्ताच्या नात्यातल्या बाईने दोऱ्यात बांधलाय, म्हणाली. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. तुझी याकूत मी सून म्हणून केली नाही, हा राग आहे ना? दोन पोरांचे दोन पासपोर्ट, मधे तारांचं कुंपण, मी तरी काय करणार होते? पण त्याचा सूड माझ्या पोराच्या मर्दपणावर?

दोरा परत पाठव. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

पोश्शाजान


शावत, ३ मार्च

बीका,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि त्यात दोऱ्याबद्दल दीड ओळ. 'आपा, मी फक्त बाही शिवली.' झालं. उरलेली पानं सगळी मूतखड्याची! मी काय विचारते आणि तू काय सांगतेस?

हो, लग्नाआधी महिनाभर त्याचा खडा काढला. आपल्या पाण्यात कुणाला खडा होत नाही? आपल्या बापाला होता, माझ्या मतचानला होता, तुझ्या मुरादलाही झाला. त्यात विशेष ते काय? उर्गेंचच्या इस्पितळात आत नळकांडं घालून खडा फोडला, पोर तिसऱ्या दिवशी घरी. तू विचारतेस, आत नळी ठेवली होती का. ठेवली होती. मूत्रपिंडापासून खालच्या पिशवीपर्यंत, शेवयांसारखी बारीक, मऊ. महिन्याने आणा, काढून टाकू, म्हणाला तो डॉक्टर. त्याचा महिना नेमका लग्नाच्या आठवड्यात भरत होता. मी घरात तंदूर पेटवू, का पोराला परत टेबलावर झोपवू? आणि सानोबरच्या बापाला कळलं असतं की नवऱ्या मुलाच्या पोटात काहीबाही आहे, तर त्याने भाकरी मोडून पक्की झालेली सोयरीक परत केली असती. मग लग्न झालं आणि त्यानंतर हे सगळं सुरू झालं. मऊ वस्तू ती, विरघळूनही गेली असेल.

दवलतला मी नळीचं सांगितलेलंच नाही. डॉक्टर बोलला तेव्हा तो भुलीत होता. नवऱ्या मुलाला कशाला घाबरवायचं?

जानेवारीत तिथली एक परिचारिका विचारत दारात आली होती. दवलत ट्रक घेऊन नुकूसला गेला होता, नशीब. मी तिला सांगितलं, नळी ताश्कंदला काढून घेतली, माझा भाऊ तिथे मोठा माणूस आहे. आपल्याला भाऊ नाही हे तिला काय ठाऊक! तिने 'बरं झालं' म्हटलं, चहा प्यायली, गेली. म्हणजे तोही विषय संपला.

तू लिहितेस की मुरादच्या अंगात ती नळी होती तोवर त्याने तुला जवळ येऊ दिलं नाही, कळा यायच्या, रक्त जायचं, आणि नळी काढल्यावर सगळं पहिल्यासारखं. तुझ्या मुरादचं कौतुक पुरे. तो साठीला टेकलेला माणूस, त्याने जवळ येऊ दिलं काय नि न दिलं काय. आणि रात्रीच्या गोळीचं विचारतेस. हो, देते मी ती गोळी. खडा पडायला वाट मोकळी राहावी म्हणून दिली होती डॉक्टरने. संपल्यावर मी दुकानातून आणखी आणल्या. मूत्रपिंडाला बळकटी येते. रोज माझ्या हाताने देते, चहाबरोबर. आणि तू म्हणतेस त्या गोळीनेच कोरडं होतं, मुरादला पण व्हायचं. तुझं घर म्हणजे दवाखानाच दिसतो.

असल्या गोष्टींनी मला गुंगवू नकोस. डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा. माझा पोर इस्पितळातून निघाला तेव्हा हसत निघाला होता. बिघडला तो निकाहानंतर. मधे कोण आलं? तू आणि तुझी सुई.

दोरा परत पाठव.


शावत, २४ मार्च

बीका,

नवरोजला आमच्या गल्लीत मोड आलेल्या गव्हाचं सुमलक शिजवलं. सगळ्या बायका काहिलीभोवती, आणि मी मात्र गाणं अर्धवट सोडून घरी आले, कारण मतचान कुंपणापाशी उभे राहून मला हाताने बोलवत होते. तुझे मेहुणे कधी आवाज चढवत नाहीत हे तुला माहीत आहे. त्यांचा चेहरा बघूनच मी निघाले.

दवलत महिनाभर खरबुजांच्या कोठारात झोपतो आहे. घरात नको म्हणतो. दिवसाआड त्याला थंडी वाजून ताप येतो, दात वाजतात, मग घामाने अंथरूण भिजतं. लघवी कडक चहासारखी झाली आहे. ट्रक मालकाने परत नेला. जेवायला बोलावलं तर म्हणतो, 'तुम्ही खा आई, मला कशाला वाढता.' मला वाटलं, लाजतोय. बायको गेलेला माणूस, लाजणारच.

त्या दिवशी मतचान राहिलेली खरबुजं उतरवायला कोठारात गेले. वेताच्या जाळ्यांत टांगलेली फळं जमिनीवर ओळीने मांडून ठेवलेली, आणि एका तुळईवरचा दोर मोकळा करून त्याला फास घातलेला. दवलत खाली बसला होता. बापाला पाहून म्हणाला, 'बाबा, मी नुसता बघत होतो.'

मी कोठारातले सगळे दोर कापले. सगळे. त्याच कात्रीने, निकाहातल्या. मग पोराला घरात आणून माझ्या आणि त्याच्या बापाच्या मधे झोपवलं, लहानपणी झोपवायची तसं. अंग तव्यासारखं तापलेलं. झोपेत पाठीची डावी बाजू दाबून कण्हत होता.

आमान मोमो म्हणते, बांधलेला दोरा माणसाला आता दुसऱ्या दोराकडे ओढतोय. गाठ लवकर सुटली नाही तर ती जीव घेईल.

मी तुला शिव्या देणार होते, पण आता माझ्यात तेवढं बळ नाही. तू म्हणशील तर मी सीमेवर येऊन तारेपाशी गुडघे टेकते, तिथल्या शिपायांच्या देखत. याकूतला माझी सोन्याची कर्णफुलं देते. तुला काय हवं ते लिही. पण बीका, तो तुझ्याही मांडीवर वाढलाय. मला टायफॉईड झाला होता तेव्हा तूच त्याला बाटलीने दूध पाजलंस. त्याला सोड.

दोरा परत पाठव, बाई. पाया पडते.


शावत, ६ एप्रिल

म्हणजे तूच!

तुझं पुडकं मिळालं. कुर्बानगुलच्या समोरच उघडलं. लाल दोरा, त्यावर सात गाठी. आणि तुझं ते अक्षर, शाळेतल्यासारखं गोल गोल. 'आपा, मीच बांधलं. याकूतला नाकारलंस म्हणून बांधलं. सहा गाठी तू सोड. सातवी तुझ्या हातून सुटायची नाही. जिच्याकडून दोरा मंत्रून घेतला तिने ती गाठ दवलतच्या पोटातल्या नळीभोवती बांधली आहे. ती नळी इस्पितळात काढून हातात घे, मगच सातवी सुटेल. उशीर केलास तर मी जबाबदार नाही.'

मी कुर्बानगुलला म्हटलं, 'बघ, बघ माझी बहीण!' ती बिचारी पांढरी पडली. 'खलफा, मला यात ओढू नका,' म्हणाली. मी काय तिला ओढते? मी तर सगळ्या गावाला ओढलं. त्याच दुपारी मीरझाबायच्या घरी लग्न होतं. मी गेले ती अकॉर्डियन न घेता, हा दोरा हातात घेऊन. बायकांच्या खोलीत मधोमध उभी राहून सांगितलं. माझा पोर नामर्द नव्हता! त्याला बांधला होता, आणि बांधणारी माझीच बहीण आहे, दाशोगुझची बीकाजान, मुरादची बायको, हा बघा तिच्या हातचा दोरा आणि हे तिच्या हातचं पत्र. दोरा हातोहात फिरला. कुणी थुंकलं, कुणी तोंडावर हात ठेवला. पदराआड हसणाऱ्या होत्या ना, त्या मला येऊन बिलगल्या. सानोबरची मामी रडली. कित्येक महिन्यांनी मी ताठ मानेने घरी चालत आले.

आता तू मेलीस तरी मी सीमा ओलांडून येणार नाही. मातीला हात लावणार नाही. तुझं नाव या घरात पुन्हा निघणार नाही.

सहा गाठी सोडल्या. सातवी तशीच आहे, नखाने उकरून पाहिली, सुटत नाही.

उद्या दवलतला उर्गेंचला नेते. तो जायला तयार नव्हता. त्याला दोरा दाखवला. त्याने तो हातात घेऊन गाठ चाचपली आणि म्हणाला, 'म्हणजे माझ्यात काही खोट नाही?' नाही रे सोन्या, म्हटलं, तुझ्या मावशीची करणी आहे. तेव्हा कुठे त्याने उठून तोंड धुतलं.


उर्गेंच, २ मे

बीका,

हे पत्र इस्पितळाच्या पायरीवर बसून लिहिते आहे. आत बसवत नाही.

आम्ही आलो त्या दिवशी त्याला ताप होता. त्यांनी फिल्म काढली. म्हातारा डॉक्टर, तोच ज्याने खडा फोडला होता, फिल्म उजेडाला धरून बघत राहिला, मग त्याने मला आत बोलावलं, दवलतला नाही.

'ताश्कंदला काढली होती ना?' म्हणाला.

मी फिल्मकडे बघू लागले.

'ही बघा. तुमच्या किटलीच्या आत थर साचतो ना, तसा हिच्यावर साचलाय. वरच्या टोकाला हा एवढा दगड, खालच्या टोकाला हा. नळी आता ओढली तर तुटेल. आणि वरचं मूत्रपिंड पुवाने भरलंय. कोण म्हणालं ताश्कंदला काढली?'

'मी.'

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची ओढून मला बसायला दिली आणि सगळं विचारलं. लग्नाच्या रात्रीचंही. मी सांगितलं, खाली मान घालून. तो म्हणाला, 'बाई, नळीचं खालचं टोक पिशवीत टोचत असतं, म्हणून त्या वेळी कळ जाते, म्हणून रक्त. दुखतंय म्हटल्यावर कुठल्याही पुरुषाचं अंग मागे सरतं. आणि कोरडं होत होतं ते त्या गोळीने. ती खाल्ली की बीज बाहेर यायच्या ऐवजी उलटं आत जातं. गोळी बंद केली की थोड्याच दिवसांत पहिल्यासारखं. गोळी मी महिनाभरच दिली होती. पुढे कुणी दिली?'

'मी.'

'रोज?'

'रोज. चहाबरोबर.'

मग मी पिशवीतून दोरा काढून त्याच्यासमोर ठेवला. का ठेवला, ठाऊक नाही. मला वाटलं असेल की तो तरी म्हणेल, हो बाई, हेच कारण आहे. सातवी गाठ दाखवली, तुझं लिहिणं वाचून दाखवलं. नळी काढून हातात घे, उशीर करू नकोस. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, 'कुठे राहते ही बहीण? या बाईला माझा सलाम सांगा. मी परिचारिका पाठवून जे झालं नाही, ते हिने केलं.'

मी दोरा उचलला. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. नवाकोरा होता गं. ऑक्टोबरपासून कुठे दडवलेला दोरा असा असतो का? संध्याकाळी कुर्बानगुलला फोन केला. तिने आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं की तो तू पुडकं दिलंस त्याच सकाळी बाजारात तिच्याच शेजारच्या गाळ्यातून घेतलास आणि तिच्या गाळ्यात बसून सात गाठी मारल्यास. रडत मारल्यास म्हणे. 'माझी आपा गाठीवाचून ऐकायची नाही,' असं तिला म्हणालीस.

दोनदा चिरलं त्याला. नळी तुकड्यातुकड्यांनी निघाली. डावं मूत्रपिंड वाचलं नाही, काढावं लागलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणतो, आणखी पंधरा दिवस गेले असते तर विष रक्तात भिनून आम्ही त्याला चादरीत गुंडाळून नेला असता. उजवं चांगलं आहे, एकावर माणूस जगतो, बायको नांदवतो, पोरं होतात. सगळं होईल म्हणतो.

काल दवलतने मला विचारलं, 'आई, आत नळी आहे हे तुला माहीत होतं?'

हो म्हणाले.

'मी दोर घेऊन बसलो होतो तेव्हाही?'

हो म्हणाले.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे बाबा भरवतात तेव्हा खातो. मी वाटी धरली तर तोंड उघडत नाही. मी पायरीवर बसते.

बीका, मी त्या दिवशी मीरझाबायच्या घरी काय काय बोलले, ते तुझ्यापर्यंत आलं असेल. काही तरी लिही. शिव्या लिही.


शावत, १९ जून

बीका,

तू लिहीत नाहीस. कुर्बानगुलला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं.

याकूतची सोयरीक मोडली. भाकरी मोडून झाली होती, साखर वाटून झाली होती, आणि मुलाकडच्यांनी सगळं परत आणून दारात ठेवलं. 'गाठी मारणाऱ्या बाईची पोर आमच्या घरात नको.' तुझ्या गल्लीत कुणाचा निकाह असला की तुला आधी निरोप येतो, येऊ नका म्हणून. मुराद चहाखान्यात जायचा बंद झालाय. आणि तू कुणालाच खरं सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? मी तारेच्या या बाजूला होते, मला काय झालं असतं? कुर्बानगुल म्हणते, तू म्हणालीस, 'आपाला कळलं की दोरा खोटा आहे, तर ती पोराला टेबलावरून उठवून घरी नेईल.' आणि पुढे, पोर बरा झाल्यावरही, 'आता कोण ऐकणार?'

मी सांगून पाहिलं, बीका. आधी तेच केलं. दवलतला घरी आणल्यावर पहिल्या लग्नात उभी राहिले, त्याच बायकांसमोर. म्हटलं, माझ्या बहिणीने काही बांधलेलं नाही, दोरा बाजारातला होता, मी इस्पितळात न्यावं म्हणून तिने आपल्या अंगावर घेतलं. माझ्या पोराच्या पोटात नळी होती आणि ती मी ठेवली होती.

मीरझाबायची बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'किती गं तुझं मन मोठं, खलफा. अशा बहिणीलाही झाकतेस.'

'झाकत नाही. खरं सांगते.'

'असू दे, असू दे. रक्ताचं नातं. पण आम्ही दोरा डोळ्यांनी पाहिलाय.'

दुसरी म्हणाली, 'आणि सातवी गाठ? नळी निघाल्यावर सुटली की नाही?'

मी म्हटलं, ती तशीच आहे, मी पेटीत ठेवली आहे.

'मग बघ! म्हणून मूत्रपिंड गेलं पोराचं.'

बायकांनी माना हलवल्या. मी जितकं जास्त बोलले तितकी तू जास्त चेटकीण होत गेलीस. डॉक्टरचं नाव घेतलं तर म्हणाल्या, डॉक्टरांना या गोष्टी कळत नाहीत. आणखी दोन घरी सांगून पाहिलं. तेच. आमान मोमो तर म्हणते, मी दोन बहिणींमधली करणी बरोबर ओळखली होती, आणि तिच्याकडे आता उर्गेंचहूनही गिऱ्हाइकं येतात.

दवलत बरा आहे. गेल्या महिन्यात आपण होऊन सासऱ्याच्या फाटकाशी जाऊन बसला, काठी टेकत. सानोबर तिसऱ्या दिवशी बाहेर आली. बापाने अडवलं नाही. दोघं उर्गेंचला खोली घेऊन राहतात. इथे नाही. मी भाकरी भाजून पाठवते, त्याचे बाबा नेतात. सानोबरने त्यांच्याजवळ निरोप पाठवला की तब्येत आता सगळ्या बाबतीत ठीक आहे, आईंना सांगा. सगळ्या बाबतीत, असं मुद्दाम म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. या शुक्रवारी सत्तारच्या मुलीचं लग्न आहे, सगळा शावत येणार, तुमच्याकडचेही परवाना काढून येणार, आणि याकूतला नाकारणाऱ्यांची मावशी त्यांत आहे. मी गायला जाणार आहे. मुल्ला बसायच्या आधी मी अकॉर्डियन खाली ठेवून सांगणार की बीकाजानने बांधलं नव्हतं, मीच बांधलं होतं. एकुलता एक पोर सुनेच्या मुठीत जाऊ नये म्हणून निकाहातच मीच त्याला बांधला, माझ्याच हाताने, आणि भीती वाटली तेव्हा धाकट्या बहिणीला तिच्या हातून तसं लिहायला लावलं.

हे त्यांना पटेल. सासूबद्दल असलं काही सांगितलं की कुणी डॉक्टरचं नाव विचारत नाही. डोळे मोठे करतील, थुंकतील, आणि संध्याकाळच्या आत तुमच्याकडे जाईल ते. त्यानंतर मला कुणी लग्नात बोलावणार नाही, हे माहीत आहे. निकाहाच्या खोलीत तर उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देणार नाहीत. दवलतच्या कानावर जाईल, सानोबरच्याही. तिला ते खरं वाटलं तर ती मला नातवंड दाखवायला आणेल का, सांगता येत नाही. त्याच्या बाबांना आज सांगितलं. ते म्हणाले, 'गाणं मात्र सगळं म्हणून घे आधी. मधेच थांबू नकोस.'

नको म्हणून कळवू नकोस. कुर्बानगुल हे पत्र तुला शुक्रवारी दुपारी देईल, तोवर इकडे सांगून झालेलं असेल. त्या मावशीकडून कुणी आलं तर दार उघड, आणि याकूतला चांगलं काहीतरी घालून बसव.

तुझी आपा